पाठीवरच्या सह्या

मी घर घेतलं नव्हतं.
घेतला होता फक्त एक कागद,
ज्यात डेल्फीन टिलफर्ड नावाच्या बाईनं
सॅगिनॉमधल्या बर्च स्ट्रीटवरच्या घरापोटी शब्द दिला होता:
दर एक तारखेला तीनशे अठ्ठावीस डॉलर,
आठ टक्के व्याज, ब्याण्णव हप्ते बाकी.
डॉलरला एकसष्ट सेंट पडले.

विकणारा टॅम्पाचा दातांचा डॉक्टर.
त्याच्या आधी टेक्ससमधला कुठला तरी फंड,
त्याच्याही आधी टोलेडोची एक बँक,
जिच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.
कागदाला चिकटवलेल्या पट्टीवर सगळ्यांच्या सह्या
एकाखाली एक. डॉक्टरची हिरव्या शाईत.
आणि प्रत्येक सहीच्या डोक्यावर तेच वाक्य:
अमुक यांस द्यावे. माझ्याकडे परत येऊ नये.

घेण्याआधी घरावरून एक चक्कर मारली. नियमच आहे तो.
इंजिन बंद करायचं नाही, दार वाजवायचं नाही.
छपराच्या कोपऱ्यावर निळी ताडपत्री, विटांनी दाबलेली.
पायऱ्यांवर मीठ.
बर्फावर मीठ टाकणारा माणूस घर सोडून जात नाही,
हे मला वॉल्ट ब्रेख्टेलनं शिकवलं,
ज्यानं मला आधी या धंद्यात आणलं
आणि मग लग्नात.

हप्ता यायचा पोस्टाच्या मनीऑर्डरनं.
खाली 'कशासाठी' म्हणून बोटभर जागा असते,
लोक तिथं खाते क्रमांक लिहितात.
ती लिहायची:
"नातू बोलायला लागला."
"नाइट शिफ्ट होती. उशीर झाला, रागावू नका."
"हीटर नवा बसवला."
एकदा नुसतंच, "मार्च."
मी उत्तर दिलं नाही.
उत्तर दिलं की मुदत मागतात, वॉल्ट म्हणायचा.
तिनं मुदत कधीच मागितली नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा कागद विकायला काढला.
फिनिक्सचा टायसन लुंडग्रेन, आवाजावरून तिशीचा,
म्हणाला, सव्वीस महिन्यांचा हिशेब पाठवा.
तारीख, रक्कम, उशिराचे दिवस. तीन रकाने.
मी भरले.
मग उगाच चौथा आखला,
त्यात नातवाला बसवलं, हीटरला बसवलं, मार्चला,
आणि पुसून टाकला.
चौऱ्याऐंशी सेंट मिळाले.
वॉल्ट असता तर ऐंशीलाच देऊन मोकळा झाला असता.

हिरव्या नावाखाली निळ्या शाईत मी लिहिलं,
नोरीन ब्रेख्टेल,
आणि वर ते वाक्य, आता माझं.
कायद्यानं पाठवावं लागतं ते पत्र तिलाही गेलं:
एक तारखेपासून पैसे फिनिक्सला पाठवावेत.
चार ओळी.
पाचवी सुचली नाही असं नाही.

तरी मे महिन्यात पाकीट आलं, माझ्याच पत्त्यावर.
तीनशे अठ्ठावीस.
बोटभर जागेत मुंगीएवढी अक्षरं:
"ताडपत्री काढली. येऊन बघा एकदा."

पैसे माझे नव्हते.
नव्या पाकिटात घातले, फिनिक्सचा पत्ता लिहिला,
तिकीट लावलं.
तो पोरगा रक्कम बघेल, तारीख बघेल.
बोलावणं कुणाला होतं
हे त्यानं शोधत बसावं, असं काही करारात नाही.

पोस्टात जाताना बर्च स्ट्रीट वाटेत लागत नाही.
मी तिकडून गेले.
इंजिन चालूच ठेवलं. काठी मागच्या सीटवर होती.
छप्पर राखाडी, नवं, जरा जास्तच चकचकीत.
विटा अजून अंगणात पडलेल्या,
त्यांतल्या एकीवर चार वर्षांचा एक मुलगा बसलेला,
बूट उलटे घालून.
त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं,
आणि घराकडे तोंड करून ओरडला:
आजी, कुणीतरी आलंय.